थोरल्याची ऊब

खालच्या सुरांत थोरला शहाण्यासारखा वागायचा. वर गेला की मात्र त्याच्या अंगात यायचं. मागावा त्या सुराच्या जरा वरच जाऊन बसायचा, आणि जितकं वर न्यावं तितका जास्तच चढायचा.

थोरला म्हणजे कुणी माणूस नव्हे. बाईंच्या लेकीच्या वाद्यातला तो एक भाग. त्या वाद्याला मोड्युलर सिंथेसायझर असं भारदस्त नाव होतं, पण घरात सगळे त्याला खोकं म्हणत. लाकडी चौकटीत ओळीने बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर बटणं आणि भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. एकेका पट्टीला एकेकच काम. कुणी आवाज मऊ करायचा, कुणी लांबवायचा, कुणी मध्येच तोडायचा. पण मुळात आवाज काढायचा तो ऑसिलेटरने. तसे ऑसिलेटर खोक्यात दोन होते. एक बाईंनी आणि लेकीने मिळून स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डर करून घडवलेला, तो थोरला. दुसरा दुकानातून आणलेला, ती धाकटी. "अगं, दोन्ही एकाच जातीचे, मग ही बाई कशी झाली?" असं बाईंनी तेव्हा विचारलं होतं. "सरळ वागते म्हणून," लेक म्हणाली होती.

लेक वारली ती थंडीच्या तोंडाला, आणि आता थंडी सरत आली होती.

खोकं तिच्या जोडीदारणीला द्यायचं हे जावयाने ठरवलं, आणि बाईंनाही ते पटलं होतं. त्या दोघी मिळून नाचाच्या कार्यक्रमांना संगीत द्यायच्या. जोडीदारीण आता एकटीने ते काम पुढे चालवणार होती, आणि दोघींनी बसवलेली शेवटची रचना महिन्याभरात रंगमंचावर व्हायची होती. ती मागच्या आठवड्यात येऊन खोकं वाजवून पाहून गेली. वाजवता वाजवता थांबली, पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबली. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "काकू, राग मानू नका. पण हा एक काही ठिकाणावर राहत नाही. आमची रचना सुरूच होते ती या दोघांच्या एका सुरावर, तोही अगदी वरचा. हा काढून त्या जागी नवीन बसवला तर चालेल का?"

चालेल का, म्हणे. बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला आठ दिवस दे. मी बघते काय झालंय त्याला."

आज दुपारी ती खोकं न्यायला येणार होती. आणि थोरला अजून चढतच होता.

बाई म्हणजे टेस्टिंगच्या बाई. त्यांची उभी हयात रेडिओच्या कारखान्यात गेली होती. लांबच लांब टेबलं, टेबलाच्या दोन्ही अंगांना बायका, प्रत्येकीच्या हातात तापलेल्या सळईसारखी सोल्डरिंगची इस्त्री, आणि सगळ्या दालनात सोल्डरमधल्या राळेचा गोडसर धूर. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, पण अजून कुठे राळ जळल्याचा वास आला की बाईंची पाठ आपोआप ताठ व्हायची. बिघडलेला सेट सगळीकडून फिरून शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. तिथे मीटर लावायच्या आधी बोट लावायची पद्धत होती. सेट चालू ठेवायचा आणि बोटाच्या टोकाने एकेका भागाला हलकेच शिवत जायचं. ज्याला शिवल्यावर आवाज बदलेल, तो गुन्हेगार. सेट बॅटरीवरचे असायचे, त्यामुळे झटका बसायची भीती नव्हती. नव्या आलेल्या मुली हसायच्या. "बाई, नाडी बघताय का?" बाई म्हणायच्या, "हो. हात लावल्याशिवाय वस्तू बोलत नाही."

शाळा सुटली की लेक तिथेच यायची. मुकादम मागे लागला तरी टेबलाखाली पाय दुमडून बसायची, आणि थोडी मोठी झाल्यावर टेबलाशी. बोट लावायला ती तिथेच शिकली. तिचे हात जात्याच गरम होते, इतके की लहानपणी बाईंनी चार वेळा तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, हाडच उष्ण आहे. तेव्हापासून बाई तिला शेगडी म्हणू लागल्या. बाईंचे स्वतःचे हात बारा महिने गार. थंडीत कामावरून परत येताना लेक आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घ्यायची आणि म्हणायची, "आण इकडे, शेकून देते." लेकीच्या लग्नानंतरही तिच्या नवऱ्यासमोर बाईंच्या तोंडून शेगडी निघून जायचं. त्यालाही ते नाव इतकं आवडलं की तोही तेच म्हणू लागला.

जावई शाळेत गणित शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत, बाईसुद्धा.

मास्तर चहाचे पेले घेऊन मागच्या खोलीत आला तेव्हा बाई टेबलाशी वाकून बसल्या होत्या. खिडकीखाली सायकलवाल्याचं दुकान होतं, तिथून चाकात हवा भरल्याचा फुसफुस आवाज येत होता. टेबलावर खोकं पाठ करून उभं, त्याची मागची बाजू उघडी, आणि थोरला चौकटीतून थोडा पुढे ओढून वायरीला लोंबकळता ठेवलेला.

"लागला का पत्ता?" मास्तरने विचारलं.

"लागेल. चोर घरातलाच आहे."

"किती दिवस बसताय. पाठ धरेल तुमची."

"पाठ धरायला आता तिला दुसरं काम काय आहे?"

मास्तर हसला नाही. पेला टेबलाच्या कडेला ठेवून स्टुलावर बसला. त्याने दाढी केली नव्हती, आणि शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. ते शिवून द्यायला हवं, असं बाईंना रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं.

या आठवड्यात बाईंनी काही बाकी ठेवलं नव्हतं. आधी वीज पाहिली. मीटर लावला, पुरवठा अगदी काटेकोर होता. मग वायर बदलली. मग भिंग लावून सोल्डरचे सगळे सांधे एकेक करून पाहिले, आणि जे जुने, निस्तेज वाटले ते परत तापवून घेतले. त्यातले काही त्यांचे स्वतःचे होते आणि काही लेकीचे. लेकीचे लगेच ओळखू यायचे, कारण ती सोल्डर नेहमी जरा जास्त घालायची. "अगं, लाडू वळतेस का?" असं बाई तिला ओरडायच्या. ते लाडू तापवून पसरताना बाईंनी भिंग मुद्दाम थोडं लांब धरलं. मग सूर जुळवायचा बारीक स्क्रू साफ केला, त्याला हात न लावता, नुसत्या ब्रशने. मग थोरल्याला त्याच्या जागेवरून काढून धाकटीच्या जागी बसवलं आणि धाकटीला त्याच्या. सासर बदलून पाहिलं. धाकटी तिथेही सुरात, आणि थोरला इथेही चढेल.

"आई, मी एक म्हणू?" मास्तर म्हणाला. "जाऊ द्या ना. ती दुसरा बसवून घेईल. हा तुम्ही घरी ठेवा. आठवण म्हणून."

"आठवण कशाला? मला काय विसर पडणार आहे?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मला माहीत आहे तू तसं नाही म्हणालास." बाईंनी चष्मा कपाळावर सारला. "हे बघ मास्तर. आम्ही दोघींनी हा कपाटात ठेवायला केला नव्हता. तिचं जे काय उरलंय ते या खोक्यात वाजतंय. बाकीच्या पट्ट्या तिने विकत आणल्या, त्या कुणाकडेही मिळतील. हा एकच तिने हाताने केलेला. आणि नेमका हाच बाहेर काढायचा? खोकं जाईल आणि ती घरात राहील ड्रॉवरमध्ये, असं मला नको आहे. तिने जावं. वाजत जावं."

मास्तरने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाला, "काय करू सांगा."

"वरचा सूर दे. दोघांनाही एकत्र."

खोक्याला जोडलेल्या छोट्या कीबोर्डवर मास्तरने सूर दाबला. धाकटी आणि थोरला एकदम बोलू लागले. दोन आवाज एकमेकांच्या अगदी जवळ असले पण एक नसले, की त्यांच्यात हेलकावे उठतात. आवाज मोठा होतो, लहान होतो, मोठा होतो, जणू कुणी दार उघडतंय आणि लावतंय. जितका फरक जास्त तितके हेलकावे घाईचे. सूर मिळाला की ते मंदावत मंदावत थांबतात. कारखान्यात बाईंनी यंत्रापेक्षा या हेलकाव्यांवरच जास्त भरवसा ठेवला. आत्ता ते इतके घाईचे होते की सगळी खोली थरथरल्यासारखी वाटत होती.

"सोड," बाई म्हणाल्या. "दाढदुखीसारखं वाटतंय."

अलीकडे त्यांचा हात कापायचा. म्हणून बोटाऐवजी त्या लाकडी काडी वापरायच्या. काडीने एकेका भागाला हलकेच टोचायचं, सांधा सैल असेल तर आवाज खरखरतो. आठ दिवसांत काडीने त्यांनी सगळा थोरला टोचून काढला होता. पुन्हा टोचायला घेतला.

"परत दे सूर. धरून ठेव."

मास्तरने दाबून धरला. बाई वाकल्या. काडी पुढे केली, तेवढ्यात थोरला वायरीवर गरकन फिरला आणि टेबलावरून घसरायला लागला. त्यांनी काडी टाकली आणि जसा हातात येईल तसा त्याला पकडला. डाव्या हाताची चार बोटं पट्टीच्या मागे आणि अंगठा आतल्या भागांवर.

हेलकावे मंदावले.

बाई तशाच राहिल्या. मास्तरचं बोट कीबोर्डवर होतं. दार उघडायचं आणि लावायचं, पण आता सावकाश, घाई गेल्यासारखं.

"काय केलंत?" मास्तर म्हणाला.

"काही नाही. धरलाय नुसता." त्यांनी अंगठा उचलला. हळूहळू हेलकाव्यांना पुन्हा घाई सुटली. ठेवला. पुन्हा मंदावले.

काखेत कळसा म्हणतात तो हा. आठ दिवस काडी घेऊन फिरत होत्या, आणि ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना बोट लावायला शिकवलं त्या बाईच बोट लावायला विसरल्या होत्या.

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि अंगठ्याखाली काय आहे ते पाहिलं. दोन ट्रान्झिस्टर, पाठीला पाठ चिकटवलेले, जुळ्या भावंडांसारखे. वरचे सूर सांभाळायचं काम यांचं. आणि यांचा स्वभाव असा, की गारठले की सूर चढतात, ऊब मिळाली की उतरतात. म्हणून त्यांच्या डोक्यावर एक खास रेझिस्टर बसवायचा असतो, जो उबेबरोबर स्वतः बदलतो आणि त्यांना ताळ्यावर ठेवतो. इथे तो नव्हता. त्याच्या जागी साधाच होता, आणि तोही बाजूला उभा. डोक्यावर काही नव्हतं. मात्र दोन्ही ट्रान्झिस्टरांचा माथा चकचकीत झाला होता, दरवाज्याच्या कडीला हात लागून लागून येते तशी चकाकी.

बाईंना आठवलं. तो खास भाग तेव्हा मिळत नव्हता. लेक म्हणाली होती, "साधाच घालू गं आत्ता, नंतर बदलते." आणि मग सूर जुळवायला बसली होती. उजव्या हातात पेचकस, आणि डाव्या हाताने थोरल्याला घट्ट धरून.

"मास्तर, ती वाजवायची तेव्हा तिचा डावा हात कुठे असायचा?"

"मागे." मास्तरने लगेच सांगितलं. "खोक्याच्या मागे घातलेला. तिची सवयच ती. मी चिडवायचो, एका हाताने वाजवतेस आणि बिदागी दोन हातांची घेतेस."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, थोरल्याला धरून ठेवलंय, नाहीतर पळतो." हे म्हणताना मास्तर हसायला लागला, आणि शब्द संपायच्या आधीच त्याचं हसू गेलं.

बाईंनाही ती तेच म्हणाली होती. सगळ्यांनाच म्हणायची. कुणी विचारलं की अगदी खरं काय ते सांगायची, आणि सगळे हसायचे.

"याचं मागचं झाकण कुठाय?" बाईंनी विचारलं.

"पलंगाखाली. कधी लावलंच नाही. मला वाटायचं, आळस."

तो आत जाऊन झाकण घेऊन आला. त्याच्यावर धूळ साचली होती. स्क्रूंची पिशवी चिकटपट्टीने आतल्या बाजूला लावलेली होती तशीच होती, न फोडलेली.

बाईंनी ते सगळं मास्तरला समजावून सांगितलं. तिने अंगठा ठेवून सूर जुळवला, त्यामुळे थोरल्याला तिच्या अंगठ्याच्या उबेचीच सवय लागली. तिचा हात असेल तर हा सुरात. नसेल तर चढतो. बिघडलेलं काहीच नाही. सगळे सांधे पक्के आहेत.

"म्हणजे हा तिला..." मास्तर म्हणाला.

"सूर दे," बाई म्हणाल्या.

त्यांनी अंगठा नीट ठेवला. हेलकावे मंदावले, आणखी मंदावले, पण थांबेनात. बाईंचा हात गार. त्यांनी दाबून पाहिलं, अंगठा बदलून पाहिला. थोरला जवळ यायचा आणि थोड्यावर अडून राहायचा.

"मी बघू?" मास्तर म्हणाला.

त्यांनी जागा बदलली. मास्तरच्या हाताने थोरला आणखी जवळ आला. एक हेलकावा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. पण आलाच.

"शेगडी होती ती," मास्तर म्हणाला. "आपण कुठून आणणार?"

बाईंच्या डोळ्यांपुढे इस्पितळातली ती खोली आली. डोक्यातली नस फुटली असं डॉक्टर सांगत होते, आणि बाईंनी लेकीचा हात हातात घेतलेला. तो गार होता. आयुष्यात पहिल्यांदा तो हात बाईंच्या हातापेक्षा गार होता. बाईंनी परिचारिकेला म्हटलं, पांघरूण आणा, हिला थंडी वाजतेय. परिचारिका पांघरूण घेऊन आली, बिचारी. घातलं.

टेबलाच्या कडेला चहाचा पेला तसाच होता. मास्तरला चहा उकळत्यासारखा लागायचा, त्यामुळे अजून वाफ येत होती. बाईंनी पेला उचलला आणि डाव्या हाताचा अंगठा त्याला टेकवून धरला. भाजेपर्यंत धरला, मग जरा सैल केला.

"सूर दे."

मास्तरला कळलं. त्याने सूर दाबला. बाईंनी अंगठा ठेवला.

सुरुवातीला थोरला खाली गेला, फारच खाली, आणि हेलकावे उलट्या बाजूने घाईचे झाले. बाई हलल्या नाहीत. अंगठा निवत होता. हेलकावे सावकाश झाले. आणखी सावकाश. दार उघडून अर्धं राहिलं, आणि मग कुणीतरी ते हाताने धरून ठेवावं तसं थांबलं.

खोलीत एकच सूर होता. उंच, सरळ, कुठेही न हलणारा.

"एवढी," बाई म्हणाल्या. "एवढीच ऊब असायची तिच्या हाताची."

मास्तरने कीबोर्डवरचं बोट उचललं नाही. तोंड दुसरीकडे केलं. खाली सायकलवाल्याने घंटी वाजवून पाहिली, दोनदा. मग थोरला अगदी हळू चढायला लागला, हेलकावे परत आले, आणि बाईंचा अंगठा पुन्हा त्यांचा स्वतःचा झाला.

"मलाही," मास्तर म्हणाला.

त्याने पेल्याला अंगठा लावला. बाईंनी सूर दाबला. थोरला खाली गेला, वर आला, आणि सूर लागला. मास्तर डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळाने सूर सुटला. त्याने पुन्हा पेल्याकडे हात नेला. मग बाईंनी नेला. चहा निवत गेला तसा सूर लागून राहायचा वेळ कमी कमी होत गेला. शेवटी पेला कोमट झाला आणि हेलकावे थांबेचनात.

"दुसरा करून आणतो," मास्तर उठला.

"बस," बाई म्हणाल्या.

"पाणीच गरम करतो नुसतं. वेळ नाही लागायचा."

"मास्तर, बस बाळा."

तो बसला. बाईंनी लेकीचा पत्र्याचा डबा ओढला. स्क्रू, वायरींचे तुकडे, गुंडाळलेली सोल्डर. तळाशी एक छोटी पारदर्शक पुडी होती, आणि तिच्यात तो खास रेझिस्टर. पुडी दुकानातून आली तशी बंद. तिने आणला होता. आणून ठेवला होता, आणि बसवला नव्हता.

मास्तरने पुडी पाहिली. त्याला काय वाटलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तिला नको होता बसवायला," तो म्हणाला. "बघा ना. असून बसवला नाही. आई, तिलाच नको होतं तर आपण कशाला? राहू द्या असाच. जोडीदारणीला सांगू, ती दुसरा घेईल. हा इथे राहील. आपण कधीतरी..." त्याने पेल्याकडे पाहिलं.

बाईंनाही ते हवं नव्हतं, असं नाही. खोटं कशाला बोला. त्यांना दिसत होतं ते. रोज दुपारी पाणी गरम करायचं, अंगठा शेकायचा, आणि क्षणभर लेकीचा हात सापडायचा. शेजारीण विचारेल, काय चाललंय, बाई म्हणतील काही नाही. आणि मग एखाद्या दिवशी अंगठा नीट शेकला जाणार नाही, सूर लागणार नाही, आणि त्या दिवशी ती पुन्हा जाईल. दर वेळी जाईल. आणि जोडीदारीण तिकडे परक्याच ऑसिलेटरवर लेकीची रचना सुरू करेल.

"तिला ठेवायला हात होता," बाई म्हणाल्या. "आता कुणाचा ठेवायचा?"

मास्तरने पेला बाजूला सारला.

"इस्त्री तापव."

राळेचा धूर उठला. बाईंची पाठ ताठ झाली. साधा रेझिस्टर त्यांनी सोडवला, तिथला लेकीचा जाडजूड सांधा वितळून चांदीसारखा चमकला आणि सोल्डर शोषायच्या पंपात ओढला गेला. नवा भाग त्यांनी जुळ्यांच्या माथ्यावर आडवा बसवला, ती चकाकी त्याच्याखाली गेली, आणि वरून ऊब पोचवणारं चिकट मलम लावलं. हात कापत होता, म्हणून मास्तरने त्यांचं मनगट धरलं. नवे सांधे छोटे, नेटके झाले. लाडू नाहीत.

मग थोरल्याला तसाच चालू ठेवून दोघं बसून राहिले, कारण गरम होऊन स्थिर झाल्याशिवाय सूर जुळवत नाहीत. मास्तरने दुसरा चहा केला. दोघांनी तो प्यायला. कुणी अंगठा शेकला नाही.

बाईंनी बारीक पेचकस घेतला. हा स्क्रू लेकीने फिरवला होता, आणि त्यानंतर कुणीच नाही. आठ दिवस त्यांनी त्याला नुसता ब्रश लावला होता.

"दे सूर."

त्यांनी फिरवला. हेलकावे मंदावले, पेचकस थांबला, परत जरासा फिरला. थांबले. खालचा सूर, मधला, वरचा. सगळीकडे एकच. बाईंनी पेचकस खाली ठेवला आणि हात पदराला पुसले, काही लागलेलं नसताना.

दुपारी जोडीदारीण आली. दारातच चपला काढताना म्हणाली, "काकू, बरं आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता आत येऊन बाईंना मिठी मारली. खोक्यापुढे बसली. वरचा सूर लावला, बराच वेळ धरून ठेवला, मग रचनेची सुरुवात वाजवली. बाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. अशी सुरात ती त्यांनी याआधी एकदाच ऐकली होती.

"अगं बाई," जोडीदारीण म्हणाली, "हा किती शहाणा झाला. काय झालं होतं काकू?"

"गारठला होता," बाई म्हणाल्या.

"मग आता नाही ना व्हायचं?"

"नाही. आता थंडी असो, उन्हाळा असो. कुणी हात नाही लावला तरी चालेल त्याला."

"ती मात्र कायम हात मागे घालून बसायची," जोडीदारीण डोळे पुसत म्हणाली. "मी शेजारी बसून बसून माझीही तशीच सवय व्हायला लागली होती. तोडली बाई मी." मास्तरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली, अगदी जराशी.

मास्तरने धूळ पुसलेलं झाकण आणलं, पिशवी फाडून स्क्रू हातावर काढले. झाकण मागे टेकवलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "सूर दे गं, एकदा. वरचा. दोघांचा."

जोडीदारणीने दिला. मास्तरने झाकण बाजूला धरलं. बाईंनी डावा हात खोक्याच्या मागे घातला, थोरला चाचपला, आणि त्याच्यावर अंगठा ठेवला. मलमाच्या वरून, जिथे ती चकाकी होती तिथेच. ठेवला आणि वाट पाहिली.

सूर हलला नाही.

त्यांनी अंगठा दाबला. तो तसाच सरळ होता, उंच, एकच. बाईंचा हात आहे की नाही हे त्याला कळतच नव्हतं.

"काकू, बरोबर आहे ना?" जोडीदारणीने विचारलं.

"अगदी बरोबर आहे," बाई म्हणाल्या, आणि हात काढून घेतला. "लाव झाकण, मास्तर."